इस्त्रीची तार

तिने फोनचं मागचं झाकण नखाने उचकटलं. बॅटरीची जागा रिकामी होती, कारण बॅटरी नवऱ्याच्या खिशात बसून ऑफिसला गेली होती. तिने नोकरीचा विषय काढल्यापासून बॅटरी रोजच जायची. "दिवसभर कुणाशी बोलायचंय तुला?" असं हसत हसत म्हणून तो ती काढून घ्यायचा आणि संध्याकाळी मोठे उपकार केल्यासारखी परत बसवून द्यायचा.

आज पंख्यांच्या कारखान्यातून फोन यायचा होता. तो उचलला तर सोमवारपासून काम, नाहीतर ती जागा दुसऱ्या कुणाला तरी.

रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात वाढलेल्या मुलीला बॅटरीवाचून अडवायचं म्हणजे जरा जास्तच झालं. तिने माहेरून आणलेला बंद रेडिओ उघडून हवे ते भाग काढले. चार्जरची वायर कापली. चार्जरचे पाच व्होल्ट फोनला जास्त होतात, म्हणून मध्ये एक डायोड घातला. बॅटरी जागेवर आहे असं फोनला वाटावं, म्हणून बॅटरीच्या खाचेतल्या मधल्या पट्टीला रेझिस्टर जोडला. बटण दाबताच पडदा उजळला, आणि नेटवर्क शोधायला लागल्याबरोबर फोनने मान टाकली.

"काय चाललंय हे?"

दारात सासूबाई उभ्या होत्या. सुनेवर लक्ष ठेवायला मुलाने त्यांनाच बजावलं होतं. आता लपवायचं तरी काय, आणि का?

"बॅटरीशिवाय फोन चालवतेय, आई. नेटवर्क शोधताना याला एकदम जास्त वीज लागते. ही तार बारीक पडते."

सासूबाईंनी टेबलावरचा पसारा न्याहाळला. मग आत जाऊन त्या इस्त्री घेऊन आल्या.

"हिची जाड आहे. काप."

"अहो, पण त्यांचे शर्ट?"

"जाईल चुरगळलेले घालून. काही मरत नाही."

चार्जरपासून फोनपर्यंत इस्त्रीची तार जोडली, एकदम लागणारी वीज साठवायला रेडिओतला मोठा कपॅसिटर लावला. या वेळी फोन तग धरून राहिला. जोड तेवढा सैल होता. सासूबाईंनी तो दोन्ही हातांच्या चिमटीत धरला आणि खुर्ची पुढे ओढून बसल्या. कारखान्याचा फोन आला तेव्हाही त्या हलल्या नाहीत.

"हो, सोमवारी येते," ती म्हणाली. आवाज खणखणीत निघाला, याचं तिलाच नवल वाटलं.

मग तिने नवऱ्याला फोन लावला.

"अहो, मी बोलतेय."

पलीकडून खिसा चाचपल्यासारखी खसखस ऐकू आली.

"हा फोन चालू कसा?"

"केला मी. सोमवारपासून कामावर जाणार आहे, तेवढं सांगायचं होतं."

"आईला दे. आत्ताच्या आत्ता आईला फोन दे."

तिने सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी चिमूट आणखी घट्ट केली.

"त्याला सांग," त्या म्हणाल्या, "माझे हात गुंतलेत."