मऊ रबर

मायवोरने अंगठ्याचं नख रबरात रुतवलं आणि मनातल्या मनात पाच मोजले. नख काढलं तरी खूण तशीच राहिली, फुगलेल्या पिठावर बोटाची राहते तशी.

"हा," ती म्हणाली.

तिच्या नवऱ्याने, रांगनवाल्डने, अख्खी मान वळवून टायरकडे पाहिलं. हल्ली नुसते डोळे वळवून त्याचं भागत नसे. "हा? हा तर बाबागाडीचा आहे."

"बाबागाडीतली पोरं पडत नाहीत," टायरवाला टूरे ओस्लुंड कोपऱ्यातून म्हणाला. स्वीडनमधल्या हेल्सिंगलंडातल्या त्या गोठ्यात पूर्वी त्याच्या वडिलांच्या गायी असत. खुंट्यांवर त्यांची नावं अजून होती आणि खाली टायरांच्या चळती. टूरे उठला, टायर आडवा केला आणि त्याच्या बाजूवर बुटाची टाच दाबली. रबर आत गेलं आणि सावकाश वर आलं. "बघ. बाजू उंच आणि मऊ. इंजिनाचा दणका आधी ही गिळते, मग जमिनीला देते. तुझ्या गाडीला आहेत ते लाकडी बूट. रुंद आहेत, कबूल. पण लाकडीच."

"त्या चाकांना मी तीन उन्हाळे पॉलिश केलंय."

"म्हणूनच घसरत असतील," मायवोर म्हणाली.

चूक साधी होती आणि गावातल्या अर्ध्या पुरुषांनी ती केलेली होती. चाक जितकं मोठं आणि चकचकीत, टायर जितका रुंद आणि पातळ, तितकी गाडी जोरदार, असं त्यांनी एकमेकांना सांगून पक्कं करून घेतलं होतं. नोव्हेंबर आला की हीच माणसं बर्फासाठी मऊ रबर शोधत फिरत, नखं रुतवत, वाद घालत. मे महिन्यात ती अक्कल हिवाळी टायरांबरोबर माळ्यावर जाई.

रांगनवाल्डची व्होल्वो पांढरी, लांब, मागे किराणा ठेवायची. आत मात्र साडेसातशे घोड्यांच्या ताकदीचं इंजिन. बारा वर्षं तो त्यात घोडेच भरत आला होता. दर ऑगस्टमध्ये जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर शर्यती होत, तिथे तो गाडी उभी करी, हिरवा दिवा लागे आणि मागची चाकं जागच्या जागी फिरू लागत. पांढरा धूर कुंपणापार जाई. लोक टाळ्या वाजवत. गाडी मात्र पुढे जायला तयार नसे. कागद गिरणीतले सोबती त्याला 'चूल' म्हणत.

जूनमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरांनी परिवहन खात्याला कळवलं. काचबिंदूने रांगनवाल्डच्या नजरेच्या दोन्ही बाजू खाल्ल्या होत्या. कागदाची सुरळी डोळ्याला लावावी तेवढंच उरलं होतं. परवाना ऑगस्टअखेर संपणार होता. त्या दिवशी रांगनवाल्डने पत्र घडी करून साखरेच्या डब्याखाली ठेवलं आणि म्हणाला, "एकदा. एकदाच ती सरळ सुटलेली हवी. मग गाडी विका, नाहीतर तिच्यात कोंबड्या ठेवा."

मायवोरने अट घातली होती: रस्त्यावर ती चालवणार. धावपट्टीवर त्याने चालवावी. तिथे समोरून कुणी येत नाही. अट घातल्यापासून तिला धड झोप लागली नव्हती, पण ते तिने त्याला सांगितलं नाही.

"आणि पाऊस आला तर?" तिने आता टूरेला विचारलं. "जायला-यायला एकशेवीस किलोमीटर आहेत."

टूरेने टायरवरच्या उथळ खाचांवरून बोट फिरवलं. "पाणी साचलं की ही होडी. सत्तरच्या वर जायचं नाही." मग त्याने चळतीमागून दुसरी जोडी काढली. रबर जवळजवळ तितकंच मऊ, खाचा खोल. "ही जरा कमी धरेल. पण घरी आणेल."

रांगनवाल्ड पहिल्या जोडीकडे बघत राहिला.  मायवोरने दुसऱ्या टायरमध्ये नख रुतवलं, पाच मोजले, आणि त्याचा हात धरून त्याचा अंगठा त्या खुणेवर ठेवला.

"बरं," तो म्हणाला. "ही."

शनिवारी आभाळ भरलेलं होतं पण पडलं नाही. मायवोर सत्तरने गेली आणि मागच्या ट्रकवाल्यांचे हॉर्न तिने सव्वीस वर्षं शाळेची बस चालवणाऱ्या बाईच्या शांतपणे ऐकून घेतले. टूरे आधीच पोचला होता, खुर्ची आणि थर्मास घेऊन. रांगनवाल्डने गुडघे टेकून, पकड वाढावी म्हणून मागच्या टायरांची हवा उतरवली, मीटर डोळ्यांपाशी धरत. एक पॉइंट पाच. एक पॉइंट तीन. टायर खाली बसले, तृप्त गायींसारखे.

पिवळ्या जाकिटातली नोंदणीवाली बाई यादी घेऊन आली. "मायवोर हेडलॉफ? हेल्मेट घालून दाखवा."

"मी नाही, हा."

बाईने यादी पुन्हा वाचली. "चालक, मायवोर हेडलॉफ. फॉर्म तुमचाच ना?"

रांगनवाल्ड चाकाचा नट पुसत होता. तो आधीच स्वच्छ होता.

"तुझं डोकं फिरलंय का?" मायवोर हळू आवाजात म्हणाली.

"बारा वर्षं आतूनच बघितलं. आतून काय दिसतं? बॉनेट आणि डांबर." त्याने फडक्याची घडी केली, मोडली, परत केली. "मला तो टायर जमीन धरताना बघायचाय. दिसतंय तोवर. आणि तू गाडी सोडलीस की पोरांच्या हातातलं दूध सांडत नाही. मी सोडली की चूल पेटते."

  तिने हेल्मेट घातलं. ते तिच्या मापाचं होतं.

रेषेमागे मुद्दाम केलेल्या पाण्याच्या डबक्यात तिने चाकं थोडी फिरवून रबर गरम केलं, टूरेने सांगितलं तेवढंच. मग ती रेषेशी आली. उजवीकडे कुंपणाला टेकून रांगनवाल्ड उभा होता, वाकून, नजर मागच्या चाकावर लावून. पिवळा. पिवळा. हिरवा.

तिने कर्कश आवाजाची तयारी ठेवली होती. तो आलाच नाही. बसचं पेडल दाबावं तसं तिने एकसारखं दाबत नेलं, आणि जमिनीने गाडी हातात घेतली. दुसरा शब्द तिला नंतरही सापडला नाही. ढकललं नाही, ओढलं नाही. एवढं मोठं, जुनं, थंड डांबर जणू खालून उठलं आणि त्याने तिला उचलून पलीकडे ठेवलं. पाठ खुर्चीत गेली. डोळ्यांतलं पाणी कानांकडे सरकलं. झाडांची हिरवी भिंत झाली. इतकी वर्षं हे सगळं हिच्या पोटात होतं आणि आपण हिच्यात बटाटे आणत होतो, एवढा एकच विचार तिच्या मनात पुरा झाला, आणि पट्टी संपली.

तिने वेग उतरवला, इंडिकेटर दिला आणि बाहेर वळली.

परत आली तेव्हा रांगनवाल्ड तिथेच उभा होता, ती जिथून सुटली त्या रेषेकडे तोंड करून. टूरे दंड चोळत होता.

तिने हेल्मेट काढलं. 

"सुरकुत्या पडल्या," रांगनवाल्ड म्हणाला. "बाजूला, तिरक्या. मुठीत कापड आवळल्यासारख्या. मग टायर जरासा खाली बसला. आणि मग..." त्याने हाताने रिकाम्या रेषेकडे दाखवलं. "मग काहीच नाही. नुसतं डांबर. धूरसुद्धा नाही. मला वाटलं, झालं. आत्ताच गेले डोळे."

"माझ्या दंडाला विचार, ह्याने किती आवळला ते," टूरे म्हणाला. "शेवटी सांगितलं मी त्याला, अरे, डोळे जागेवर आहेत, बायको गेली."

रांगनवाल्ड हसला नाही. गुडघे टेकून त्याने गरम टायरवर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मायवोर त्याच्या टकलाकडे बघत राहिली. पलीकडे मोठ्या फलकावर तिची वेळ लागली होती. ती तिघांनीही वाचली नाही.

"एकदाच म्हणालो होतो," तो म्हणाला.

"हो."

"मी उभा चुकीच्या जागी राहिलो. पुढे जातो, त्या झेंड्यापाशी. चाकाकडे नाही, रस्त्याकडेच बघत राहतो. तू माझ्या नजरेतून जा."

"डोळा लवेपर्यंत असेन मी तुझ्यासमोर."

"मग लववणार नाही."

तो निघाला, एक हात कुंपणाच्या तारेवर ठेवून, दर काही पावलांनी मान पूर्ण वळवून झेंडा तिथेच आहे ना ते बघत. मायवोर पुन्हा रांगेत लागली. तिची पाळी आली तरी तो झेंड्यापाशी पोचला नव्हता. मागच्या गाडीने हॉर्न दिला, मग तिच्या मागच्याने. मायवोरने काच वर केली आणि पाय ब्रेकवर ठेवून बसून राहिली.