सुईखालची चिंधी

मिस्त्रींच्या दुकानातून शिलाई मशीन दुरुस्त होऊन निघालं, की सुईखाली एक चिंधी असायचीच. पांढऱ्या कापडाची, वीतभर टीप घातलेली. सदतीस वर्षांचा रिवाज होता तो. गिऱ्हाईक ती चिंधी उलटसुलट बघायचं, दोन्ही बाजूंनी ओढायचं आणि टाका धरून आहे अशी खात्री पटल्यावरच मशीन उचलायचं.

मिस्त्रींची लेकही दुकानातल्या याच बाकावर शिकली. तिचा हात आपल्यापेक्षा सरस आहे, हे बाप स्वतःच चारचौघांत सांगायचा. पण गेल्या वर्षी तिने एका भंगारातल्या मशीनचा व्हिडिओ टाकला. गंज घासला, रंग दिला, एकदम चकाचक! तो नऊ लाख लोकांनी पाहिला आणि पोरीचे पाय जमिनीला लागेनात.

"बाबा, दुरुस्ती कोण बघतंय? लोकांना फक्त आधी आणि नंतर बघायचं असतं," ती म्हणायची. दुकान नको, नोकरी नको, तिला आता चॅनेलच चालवायचं होतं. तोंड धुवायच्या आधी फोन, घासागणिक फोन. मिस्त्री कुरकुरायचे, पण रस्त्यात कोणी "त्या व्हिडिओवालीचे बाबा ना तुम्ही?" म्हणालं, की गडी मिशीतल्या मिशीत हसायचा. तेच हसू पुढे त्यांना फार डाचलं.

दोन गल्ल्या सोडून शिवणकाकू राहायच्या. शाळेचे गणवेश शिवून त्यांनी दोन पोरं मार्गी लावली होती. त्यांचं मशीन अधूनमधून दोरा तोडत होतं, तक्रार एवढीच, म्हणून त्यांनी ते दुकानात आणून ठेवलं. पाच मिनिटांचं काम! नेमके मिस्त्री तेव्हा आठ दिवस बहिणीकडे गेले होते.

लेकीने मशीन पाहिलं आणि तिला वाटलं, 'आधी'साठी हे फारच धड आहे. मग या शहाणीने काय करावं? मिठाचं पाणी चोपडून ते चार दिवस गच्चीत ठेवलं. चांगलं चालतं मशीन मुद्दाम गंजवलं! आणि मग 'चाळीस वर्षं अडगळीत पडलेलं' असं सांगत कॅमेऱ्यापुढे घासलं. सोनेरी वेलबुट्टी खरवडून गुलाबी रंग चढवला. चकाकी हवी म्हणून आतलं, सुईखाली फिरणारं शटलही पॉलिश पेपरने घासलं. त्याच्या ज्या टोकावर दोरा अडकून टाका पडतो, ते टोकच बोथट झालं. 'टोकाला हात लावायचा नाही' हा बापाने दिलेला पहिला धडा होता.

मिस्त्री परतले ते काकू मशीन न्यायला आल्या त्याच दिवशी. दारातच त्यांना दिसलं, स्टँडवर फोन लावलेला आणि काकू गुलाबी मशीनकडे बघत उभ्या.

"हे माझं नाही."

"तुमचंच आहे काकू! आवडलं?"

काकूंनी वाकून सुईखाली पाहिलं. "चिंधी कुठाय?"

चिंधी नव्हती. मिस्त्रींनी पुढे होऊन कापड घातलं, चाक फिरवलं. तीन टाके पडले, दोन सुटले. पुन्हा तेच. असलं शटल बनायचं बंद होऊन तीस वर्षं झालीत, हे त्यांना सांगावं लागलं आणि काकूंना रडू फुटलं.

संध्याकाळी तेच रडू व्हिडिओत होतं. आवाज काढून टाकलेला, वर संगीत आणि खाली ओळ: काकूंचे आनंदाश्रू!

दुसऱ्या दिवशी कोणीतरी तो दाखवला आणि मिस्त्रींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "लाज वाटते का? त्या बाईच्या पोटावर पाय दिलास आणि वर तिचं रडणं विकतेस?"

"बाबा, बारा लाख लोकांनी बघितलंय," लेक म्हणाली. पण आवाज बारीक झाला होता.

सकाळी त्यांनी घरातलं मशीन उचललं. लेकीच्या आईचं होतं ते. ती गेल्यापासून कोणी हात लावला नव्हता. सुईखाली चिंधी घालून ते काकूंकडे पोहोचवलं. लेक दारात उभी राहून बघत राहिली, फोन खिशातच होता.

पंधरा-वीस दिवसांनी तीच बाकापाशी आली. व्हिडिओखाली कुठल्याशा लांबच्या देशातल्या मुलीचा मजकूर होता, फोनने आपल्या भाषेत करून दिलेला. लेकीने वाचला: "तुमचं बघून मलाही 'आधी' आणि 'नंतर' करायचं होतं, म्हणून मी आजीचं चालतं मशीन गंजवलं आणि तुमच्यासारखंच घासलं. रंग छान बसलाय, पण आता टाका पडत नाही. आजी बोलत नाही माझ्याशी. काय करू?"

"अशा अजून चार जणी आहेत," ती म्हणाली. "काय लिहू, बाबा?"

"लिही, शटलचं टोक गेलंय. आम्हीही हेच केलं, आणि आम्हालाही ते दुरुस्त करता आलं नाही."

"सगळ्यांना दिसेल ते."

"दिसू दे की! आणि याचा फोटो लाव." मिस्त्रींनी खणातून चिंधी काढून तिच्यापुढे टाकली. गुलाबी मशीनवर त्या दिवशी घातलेल्या टिपेची.

लेकीने ती उचलली आणि लहानपणापासूनच्या सवयीने दोन्ही बाजूंनी ओढली. सगळा दोरा तिच्या हातात आला.