बाबांचा होकार

काकांना मान डोलावणारी माणसं फार आवडतात. बाबांना पक्षाघात झाला, उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली, आणि काकांचं नशीब फळफळलं. जन्मभर ज्याने यांना हिंग लावून विचारलं नाही, तो थोरला भाऊ आता यांच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावू लागला.

"दादा, दुकान विकून टाकू या ना?" डोलावली मान. "बघ, दादाच म्हणतोय," काका मला सांगायचे. घेणाराही त्यांनी शोधून ठेवला होता. महिनाअखेरच्या रविवारी तो घरी येणार, बाबांची मान बघणार आणि व्यवहार पक्का होणार.

दुकान फोटोंना फ्रेम करून देण्याचं. बाबा अंथरुणाला खिळल्यापासून मीच चालवते. काच कापते, पट्ट्यांचे कोपरे जुळवते, शिवाय लोकांचं डोकं ठिकाणावर आणते. लोक वाटेल ते भिंतीवर लावायला निघतात. परवा एक बाई जावयाचा भला मोठा फोटो घेऊन आल्या आणि सोनेरी नक्षीची फ्रेम मागू लागल्या. मी म्हटलं, या चेहऱ्याला साधी पट्टी पुरे. गेल्या त्या पुन्हा फिरकल्या नाहीत. माझं काय अडलंय? दुकान म्हणजे बाबांचा जीव की प्राण, आणि तो काकांच्या घशात घालायची माझी तयारी नव्हती.

त्यात ती पोरगी उपटली. वाचा-उपचाराच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला. कडक इस्त्रीचा पांढरा कोट, गळ्यात ओळखपत्र, खांद्याला पिशवी. पक्षाघातानंतर माणसं कशी बोलतात आणि कशी गिळतात यावर तिचं म्हणे संशोधन चाललं होतं. ठसका लागू नये म्हणून बाबांना पाण्यात पावडर कालवून द्यावी लागते, ते पाणी खळीसारखं घट्ट होतं. बाबा तो घोट कसा गिळतात हे बघून या बाई पदवी मिळवणार होत्या. मनात म्हटलं, देशात हुशारीचा अगदी महापूर आलाय.

"पण आधी आजोबांची परवानगी हवी," ती म्हणाली. माझे बाबा आजोबा!

"त्याचं कसलं टेन्शन घेतेस?" काका म्हणाले. "दादा, चालेल ना रे?"

मान डोलावली गेली. पोरीने मात्र काकांकडे बघितलंही नाही. बाबांच्या समोर खुर्ची ओढून तिने विचारलं, "आजोबा, तुम्ही बाई आहात का?"

बाबांनी मान डोलावली.

"आपण आत्ता बसमध्ये बसलोय का?"

पुन्हा डोलावली. काकांचा चेहरा असा काही उतरला की मला त्या पोरीला चहा करावासा वाटला. ती म्हणाली की या आजारात कधीकधी मान आपोआप हलते, माणसाच्या मनात भलतंच असतं. मग पिशवीतून तिने दोन कार्डं काढली. एकावर हिरवी बरोबरची खूण, दुसऱ्यावर लाल फुली. ती रोज यायची, बाबांचा डावा हात त्या कार्डांवर ठेवायला शिकवायची आणि एकच गोष्ट सुलट-उलट विचारायची. तुम्ही बाई आहात? फुली. पुरुष आहात? हिरवी खूण. आधी चुकत, मग अडखळत, शेवटी बाबांची उत्तरं दोन्ही बाजूंनी जुळायला लागली.

"आता हे खात्रीचं," ती खूश होऊन म्हणाली. "आजोबा, माझ्या अभ्यासात भाग घ्याल?"

बाबांनी फुलीवर हात ठेवला. "भाग घ्यायचा नाही?" असं उलट विचारलं, तर हिरवी खूण. पोरीचं तोंड एवढंसं झालं. मी पोट धरून हसले. संशोधन गेलं खड्ड्यात, माझे बाबा नाही म्हणू शकत होते!

त्या रविवारी मी तिला बोलावून घेतलं. "ताई, हे माझ्या कामात बसत नाही. मॅडम रागावतील," ती कुरकुरली. मी म्हटलं, "कार्डं पिशवीत बसतात ना? मग चल."

दुकान घेणारा सोफ्याच्या काठावर बसला होता. काका "काय पोरखेळ लावलाय" म्हणून फणकारले. बाबांच्या पुढ्यात कार्डं मांडून पोरीने विचारलं, "आजोबा, दुकान विकायचं?"

डावा हात हिरव्या खुणेवर गेला.

"उलट विचार," मी म्हटलं.

"दुकान ठेवायचं?"

फुली.

काका मोठ्याने हसले. मी पुन्हा विचारायला लावलं. उत्तर हललं नाही.

"अहो, पण का?" मी ओरडले.

"ताई, 'का' विचारता येत नाही," पोरगी हळूच म्हणाली. "हो किंवा नाही एवढंच त्यांना सांगता येईल."

मग मीच पुढे झाले. काकांनी दम दिलाय? फुली. तुम्ही कंटाळलात? फुली. माझे हाल होतात म्हणून? फुली. तोंडाला येईल ते विचारत सुटले. आणि रागाच्या भरात, अर्थात हेही नाहीच असणार असं धरून, म्हणाले, "मग काय, मला दुकान सांभाळता येत नाही म्हणून?"

माझं वाक्य संपायच्या आत बाबांचा हात हिरव्या खुणेवर होता.

पोरगी कार्डं गोळा करायला लागली. "राहू दे ताई."

"उलट विचार," मी म्हटलं.

"नको ना."

"विचार!"

तिने बाबांकडे पाहिलं. "आजोबा, ताई दुकान नीट सांभाळते का?"

बाबांचे डोळे भरून आले होते. या वेळी त्यांनी घाई केली नाही. आधी हिरव्या खुणेकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि हात फुलीवर ठेवला.

मग बाबांनी तो हात उचलून, तळवा उघडून माझ्यापुढे केला. मी उठले आणि दुकानाच्या किल्ल्या आणायला आत गेले.