डोळे चेंडूवर

बावीस वर्षं मी मुलांना चेंडू फेकायला नि झेलायला शिकवतेय. आधी फुगा, मग मोजे गुंडाळून केलेला चेंडू, मग टेनिसचा. फेकताना मोठ्यानं "घे!" म्हणायचं आणि झेलणाऱ्यानं डोळे चेंडूवर ठेवायचे, एवढंच माझं शास्त्र. राग माझ्या नाकावर असतो, म्हणून मुलं पाठीमागे मला शिट्टीबाई म्हणतात. म्हणोत बापडी.

तिसरीतली पिटुकली मात्र फुग्याच्या पुढे सरकेना. पळण्यात भल्याभल्यांना मागे टाकायची, पण चेंडू आला की छातीवर आपटून खाली. आपटणारच, कारण ही बया चेंडूऐवजी टक लावून माझ्या तोंडाकडे बघायची.

"माझ्या तोंडावर काय सिनेमा लागलाय? चेंडूकडे बघ!"

"बघते, बाई," म्हणायची आणि पुन्हा तेच. मी अगदी हात टेकले.

शनिवारी पालकांसोबतचे खेळ होते. जोडीनं समोरासमोर उभं राहून चेंडू फेकायचा, झेलला की दोघांनी एकेक पाऊल मागे, पडला की जोडी बाद. पालकांसाठी घरी पाठवलेल्या सगळ्यांच्या चिठ्ठ्या सही होऊन आल्या, पिटुकलीची आली नाही. गुरुवारी शाळा सुटताना मी तिला फाटकाजवळ गाठलं. तिनं दप्तरातून चुरगळलेली चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली.

"आईला दाखवलीच नाहीस?"

"आई कधीच शाळेत आली नाही, बाई. नुसती फाटकापर्यंत येते. आता आत येईल आणि माझ्यामुळे पहिल्याच फेरीत बाद होईल." तिचे डोळे भरून आले.

तेवढ्यात तिची आई फाटकाबाहेर दिसली. मी हाक मारली, "अहो ताई!" उत्तर नाही. दुसरी हाक, तिसरी हाक. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"तिला ऐकू येत नाही, बाई," पिटुकली म्हणाली आणि धावत आईच्या समोर जाऊन उभी राहिली. दोघींचे हात, भुवया, गाल, सगळंच बोलायला लागलं. मध्येच पिटुकलीची नजर माझ्याकडे वळली, तशी आईनं हलकेच हनुवटी धरून तिचा चेहरा परत आपल्याकडे फिरवला.

आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या घरात बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून नजर हटवणं म्हणजे कान बंद करणं. मी दर वेळी "घे!" म्हणत होते आणि ही गुणी पोर शहाण्यासारखी माझं ऐकत होती. चार महिने मी तिला त्याचसाठी रागावले. मला माझीच लाज वाटली.

शुक्रवारी मी तोंडाला कुलूप लावलं. चेंडू ओठांपाशी धरला, तिची नजर तिथे येईपर्यंत थांबले आणि तिथूनच अलगद फेकला. पहिला पडला. दुसराही. तिसरा तिच्या ओंजळीत येऊन बसला, तेव्हा तिनं असं पाहिलं, जणू कुणीतरी तो तिथे लपवून ठेवला होता. वीसेक झेल झाल्यावर तिनं हात पुढे केला.

"बाई, माझी चिठ्ठी द्या ना."

शनिवारी आई आत आली, नवी साडी नेसून, थोडी बिचकतच. मी शिट्टी खिशात टाकली आणि जाहीर केलं की आज सगळ्या खुणा हातानं. मी हात उंचावला की जोडी बाद.

आईनं चेंडू गालापाशी धरून फेकला. पिटुकलीनं झेलला. एक पाऊल मागे. परत फेकला, आईनं झेलला. सहा फेऱ्या झाल्या, बऱ्याच जोड्या बाहेर बसल्या होत्या. सातव्या फेरीत आईनं लांबून फेकलेला चेंडू पिटुकलीनं उडी मारून एका हातात पकडला आणि हसतच परत फेकला.

तो आईच्या खांद्याला लागून खाली पडला. ती चेंडूकडे बघतच नव्हती. टक लावून लेकीच्या तोंडाकडे बघत होती.

मला हात वर करायचा होता. तो मी जरा उशिराच केला.