कापलेली अकरा मिनिटे

आमच्या नदीचे पाणी मोजणाऱ्या मोजणीताईच्या पणजोबांनी पुलाच्या तिसऱ्या खांबाला लाकडी मोजपट्टी ठोकली. आजोबांनी ती काढून लोखंडी बसवली आणि रोज सकाळी सातला नदीची पातळी वहीत उतरवण्याचा नेम घालून दिला. वडिलांनी तो नेम एकतीस वर्षे पाळला, आणि बत्तिसाव्या वर्षी आमच्या दूरचित्रवाणी केंद्राने त्यांचे नाक कापले. ‘केंद्राने’ असेच मी इतकी वर्षे म्हणत आले.

केंद्र लहान, प्रादेशिक. गावची माणसे, नदी, टेकड्या, नगरपालिकेच्या सभा हे आमचे विषय, आणि कार्यक्रम विभाग माझ्याकडे. नदीवरील भागासाठी आम्ही मोजणीताईच्या वडिलांचे, म्हणजे मास्तरांचे, चित्रण केले. पाणी कधी स्थिर नसते. म्हणून लाटेचा माथा आणि लाटेचा तळ असे ते वीस वेळा पाहत, प्रत्येक वेळी एक खडा उजव्या खिशातून डाव्या खिशात टाकत, आणि मगच मधला आकडा उच्चारत. याला अकरा मिनिटे लागत. त्या अकरा मिनिटांत पडद्यावर काहीच घडत नव्हते, तेव्हा संकलनाच्या टेबलावर ती काढून टाकण्यात आली. कार्यक्रमात मास्तर खांबाकडे पाहतात आणि लगेच आकडा सांगतात, एवढेच उरले.

गावाने त्यांना ‘झटपट मास्तर’ म्हणायला सुरुवात केली. त्याच वर्षी नदी चढू लागली, तेव्हा त्यांनी खालच्या गल्लीला घरे सोडण्यास सांगितले. “नुसतं बघून ठोकून देतो हा, टीव्हीवर पाहिलंय आम्ही,” असे म्हणून कोणी हलले नाही. माणसे छपरांवर चढून वाचली. संसार वाहून गेले. लोकांनी विश्वास का ठेवला नाही, असे चौकशीत विचारले गेले, तेव्हा आमचीच फिल्म लावण्यात आली, आणि ‘मोजणीत हलगर्जी’ असा शेरा मारून मास्तरांना घरी बसवले.

पुढे त्यांच्या मुलीने परीक्षा देऊन तीच जागा मिळवली. मास्तर मात्र पुन्हा नदीवर गेले नाहीत.

आता केंद्राची प्रमुख माझी मुलगी आहे. नदीवर नवा कार्यक्रम करायचा तिने घाट घातला, आणि एके दिवशी ती रागाने लाल होऊन माझ्याकडे आली.

“आई, ती मोजणीताई दारातूनच परत पाठवते गं. म्हणते, तुमच्याकडे कात्री आहे.”

“बरोबर म्हणते.”

“तू तरी तिची बाजू घेऊ नकोस!”

“मग कात्री चालणार नाही असं काहीतरी कर. थेट दाखव.”

“अकरा मिनिटं नुसतं पाणी? लोक झोपतील.”

“झोपू देत. जागे होते तेव्हा तरी काय दिवे लावले?”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी मास्तरांच्या घरी गेलो. मोजणीताईने बसायला सांगितले, पाणी दिले आणि स्वतः उभीच राहिली. “मी नाही येणार कॅमेऱ्यासमोर. यायचंच तर बाबा येतील. कापलंत ते त्यांचं.”

मास्तर आता पंच्याऐंशीचे. ते खुर्चीतूनच म्हणाले, “मला लाट दिसते का, ते तरी आधी विचार.”

“दिसते हो बाबा! काल पलीकडच्या गच्चीवरच्या कपड्यांना गुंड्या किती, ते सांगत होतात.”

“बरं, येतो. पण मध्ये कुणी बोलायचं नाही. ती तुमची निवेदिका फार चिवचिव करते.”

“निवेदिकेला रजा देते, मास्तर,” माझी मुलगी म्हणाली.

ठरल्या दिवशी सकाळी सातला थेट प्रक्षेपण सुरू झाले. मास्तर मुलीचा हात धरून पायऱ्या उतरले, पाण्याशी आल्यावर त्यांनी तो सोडला आणि उजव्या खिशात हात घातला. मी पुलाजवळच्या प्रक्षेपणाच्या गाडीत मुलीच्या मागे बसले होते. एक खडा, दुसरा, तिसरा. चौदावा खडा हातात असताना एक बोट भर्रकन गेली आणि खांबाभोवती पाणी उसळले. मास्तरांनी बोटीकडे पाहिले, डाव्या खिशातील सगळे खडे उजव्या खिशात परत टाकले आणि पहिल्यापासून आरंभ केला.

“आई! पुन्हा पहिल्यापासून! सव्वासातला बातम्या आहेत!”

“दिसतंय मला.”

“वरून फोन येतोय. काय करू, सांग ना!”

हुकूम सोडण्याची सवय मला जन्माची आहे. पण ती खुर्ची आता तिची होती. तिने फोन उचलला. समोरचा माणूस बराच वेळ ओरडत होता. “बातम्या थांबतील,” ती म्हणाली, “इथे मोजणी चालली आहे,” आणि तिने फोन ठेवला.

सात वाजून एकोणीस मिनिटांनी विसावा खडा डाव्या खिशात गेला. “चार मीटर बासष्ट,” मास्तर म्हणाले.

मला वाटले, देणे फिटले. पण मास्तर कॅमेऱ्याकडे वळले.

“अशी मोजतात. मी रोज अशीच मोजली. टीव्हीवर दाखवलं ते तसं नव्हतं. मधलं सगळं कुणी काढलं, ते कोण सांगणार?”

माझ्या मुलीचे बोट प्रक्षेपण तोडण्याच्या बटणावर होते. तिने ते दाबले नाही, आणि मागे वळून माझ्याकडे पाहिलेही नाही.

मी गाडीतून उतरले. पायऱ्या निसरड्या होत्या. मोजणीताईने दोन पायऱ्या वर येऊन मला हात दिला.

“मी काढलं,” मी म्हणाले. “कात्री माझ्या हातात होती. मास्तर पाहिल्याबरोबर आकडा सांगत नव्हते. तसं मी दाखवलं. चौकशीच्या वेळी हे सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलं नाही.”

“मोठ्यानं बोला. मला या कानानं कमी ऐकू येतं.”

तेव्हा मी सगळे पुन्हा सांगितले, पहिल्या शब्दापासून, इतक्या मोठ्याने की पुलावरून जाणारी माणसे कठड्याशी थांबली. मास्तरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले.

“फिटलं, बाई,” ते म्हणाले, आणि त्यांनी आकडा लिहिण्यासाठी मुलीकडे वही मागितली.