कोमलबाईचा ढावलो

सेनगावकडच्या बंजारा तांड्यावर रूपाबाईच्या घरी रोज सांजच्याला साडेसहाला एक बाई बोलायची. दिसायची नाही, नुसती बोलायची. कोमलबाई तिचं नाव. समुद्रापारच्या कुठल्याशा ख्रिस्ती रेडिओ स्टेशनवरून पंधरा मिनिटं, आणि तेही अस्सल गोरमाटीत, बंजाऱ्यांच्या बोलीत. घरच्या बोलीत रेडिओवर बोलणारं दुसरं कोणी रूपाबाईला ठाऊक नव्हतं.

येशूचं सुरू झालं की रूपाबाई भाकरी थापायला घ्यायची. शेळ्यांचे आजार, बाळंतिणीचं खाणंपिणं, दूरदूरच्या तांड्यांच्या गोष्टी आल्या की मात्र तवा उतरवून कान लावायची. तेरा वर्षं हे असंच चाललं. देव्हाऱ्यात सेवालाल महाराज होते तिथंच होते.

एका रविवारी कोमलबाईनं सांगितलं, पुढच्या रविवारी शेवटचा कार्यक्रम, मग सगळं बंद. सांगितलं तेही एसटीची वेळ सांगावी तसं. रूपाबाईला रागच आला. तांड्यातून लेक सासरी निघते तेव्हा मायलेकी गळ्यात पडून सुरात रडतात, त्याला ढावलो म्हणतात. ढावलोशिवाय निघाली ती कोणाची कोणी नसल्यासारखी निघाली. रूपाबाईनं तिन्ही लेकींना असंच रडून वाटेला लावलं होतं.

तिनं सून पुजाला मोबाईल काढायला लावला. स्टेशनचा नंबर रोज सांगायचे, त्यावर ढावलो रेकॉर्ड करून पाठवायचा.

तिचा नवरा हिरासिंग भडकला. ढावलो पोटच्या लेकीसाठी असतो, वाटेल त्याच्यासाठी नाही. हे रेडिओवर वाजलं तर सारा तांडा म्हणेल, रूपाबाई बाटली.

"तेरा वर्षं रोज घरात येऊन राहिली ती," रूपाबाई म्हणाली. "तिला मुक्यानं काहून जाऊ देऊ?"

तो ओट्यावर पाठ फिरवून बसला. ती गायली, पुजानं पाठवलं. उत्तर आलं नाही. आठवडाभर रूपाबाई दिवसातून दहादा पुजाला मोबाईल बघायला लावायची, आणि वर आपल्याला काही पडलेलं नाही असं दाखवायची.

रविवारी शेवटची प्रार्थना झाली आणि रेडिओतून रूपाबाईचाच चिरका आवाज आला. शेजारणी दारात जमल्या. हिरासिंगनं मान खाली घातली. ढावलो संपला, थोडा वेळ नुसती खरखर ऐकू आली. मग कोमलबाई बोलू लागली, आणि बोलता बोलता तिचा आवाज सुरात गेला. तिनं "याडी" म्हटलं, म्हणजे आई, आणि निघणारी लेक रडते तशी ती रडत राहिली, अंगण, गोठा, बाप, भाऊ, एकेकाचं नाव घेत. रूपाबाई पदरात तोंड घालून तिच्यासोबत रडली. पंधरा मिनिटं संपली आणि आवाज मधेच तुटला.

हिरासिंगनं उठून रेडिओ मोठा केला, पण खरखरच वाढली.

"कोणत्या तांड्याची पोरगी, ते विचारलं न्हाईस तू," तो म्हणाला.

रूपाबाईनं दारातल्या शेजारणींकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"त्यात विचारायचं काय?" ती म्हणाली. "ह्याच तांड्याची."