टाकाऊची बाटली

धाकट्या जावेला प्रयोगशाळेत चिकटवलं तेही थोरलीनेच. आता भोगा! नऊ वर्षं थोरली सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून दुर्मिळ मूळपेशी एकेक करून वेचत होती. मान कायमची आखडली. आणि ही कालची आलेली पोरगी! बोटाएवढ्या पारदर्शक चिपमध्ये केसासारख्या बारीक वाटा कोरल्या. एका टोकाने नमुना सोडला की मोठ्या पेशी एका नळीने बाहेर, लहान दुसरीने. मूळपेशी मोठ्या, त्या कुपीत जमा. बाकीचं सगळं टाकाऊच्या बाटलीत. झालं! प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरीणबाई तिच्यावर खूश. घरी सासूबाईसुद्धा म्हणतात, "धाकटीचं डोकं भारी हो!" थोरलीचा नुसता जळफळाट व्हायचा.

आज पहिलाच खरा नमुना होता. एका आजारी चिमुरडीच्या हाडातून काढलेली दोन चमचे मज्जा. उद्यापासून तिचे जालीम उपचार सुरू होणार, त्यात अंगातली उरलेली मज्जा मरणार, नंतर तिला याच पेशी परत द्यायच्या. पुन्हा काढणं शक्य नव्हतं.

धाकटीने नळ्या जोडल्या आणि थोरलीला लगेच दिसलं. घाईघाईत अदलाबदल झाली होती. मोठ्या पेशींची नळी टाकाऊच्या बाटलीत गेली होती.

"ताई, नीट आहे ना सगळं?"

अगदी जिभेवर आलं होतं. पण सासूबाईंचं ते "भारी हो" आठवलं. होऊ दे की फजिती! पेशी जातात कुठे? बाटलीतच पडणार. सगळ्यांची तोंडं उतरली की आपण बाटली पुढे करायची. मग कळेल कोण भारी ते.

"हो गं, कर सुरू," ती म्हणाली.

तासाभराने डॉक्टरीणबाईंनी कुपी तपासली. "यात एकही मूळपेशी नाही!"

धाकटीला रडूच फुटलं. "ताई, त्या पोरीचं काय होणार आता?"

"रडतेस काय वेड्यासारखी? नळ्या उलट्या लागल्यात. टाकाऊच्या बाटलीत असतील सगळ्या."

"बाई गं! तुम्ही होतात म्हणून!" डॉक्टरीणबाईंनी चक्क हात जोडले. धाकटीने तर गळ्यातच मिठी मारली. थोरलीने ऐटीत बाटली उचलली, झाकण काढलं, आणि भपकन वास आला.

रोज सकाळी आल्या आल्या टाकाऊच्या बाटलीत दोन बोटं जंतुनाशक ओतायचं, आत काही जिवंत राहता कामा नये, हा नियम तिचाच. नऊ वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. आजही नाही.

"द्या ना ताई," धाकटी हात पुढे करून उभी होती.